आत्मारामभाऊंचं अर्थिंग

आत्मारामभाऊंच्या शेडमध्ये रविवारी सकाळी जी बैठक बसायची, तिचा कायदा एकच होता. कुणाची गाडी बिघडो, कुणाचा पंप बिघडो, नाहीतर कुणाचा कॉम्प्युटर. आधी प्रत्येकानं आपला अंदाज सांगायचा आणि तोवर सगळ्यांचे मोबाईल बाकावर पालथे. मोबाईलमध्ये बघून मग शहाणपणा सांगणाऱ्याला आत्मारामभाऊ चहा देत नसत. "उत्तर बघून गणित सोडवायचं तर घरी बस की," असं तोंडावर सांगायचे. सावर्ड्याच्या बाजारात गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांची उभी हयात गेली. आता दुकान बंद केलं होतं, पण घरापुढची शेड, शेडमधली जुन्या जीपची सीट आणि डोक्यातला किडा, तिन्ही शाबूत होते.

बैठकीला माणसं मोजकीच. एक दाजी. हा गुहागरकडचा, टेम्पोतून मासळी आणून बाजारात विकायचा आणि माल संपला की साबणानं हात धुऊन इकडे. साबणाचा काही उपयोग व्हायचा नाही, ती गोष्ट वेगळी. दुसरी संध्या. बाजारात तिचा कॉम्प्युटर क्लास होता आणि स्वतःची स्कूटर ती स्वतःच खोलायची. सुट्टीच्या दिवशी देवळात जावं, सिनेमा बघावा, तर ही पाना घेऊन बसणार. इलेक्ट्रिक स्कूटर घाट चढेल का, टेम्पोला नवे टायर कुठले बरे, जुना कॉम्प्युटर फेकावा की वापरावा, यावर दोन दोन तास बोलणं चालायचं. फक्त हायवे कधी पुरा होणार या विषयाला बंदी होती. त्यात अंदाजच चालत नाही.

आणि गेल्या वर्षापासून चौथा, रितेश. आत्मारामभाऊंचा एकुलता एक. ठाण्याला एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची डिझाइनं करायचा. आईचं, बकुळावहिनींचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा घरून काम करायची परवानगी काढून आला आणि वहिनी बऱ्या झाल्या तरी राहिला. आत्मारामभाऊंना आनंद कुठे ठेवू नि कुठे नको झालं. मागच्या खोलीला रंग काय, फायबरची लाइन काय, नवं टेबल काय! वाडीतली सगळी पोरं मुंबईला आणि आपला तेवढा घरी, हे त्यांनी पोस्टमनलासुद्धा दोनदा ऐकवलं.

तर या रितेशचा कॉम्प्युटर बंद पडायला लागला. रोज नाही, पण पडायचा तो ऐन मीटिंगमध्ये. साहेब बोलतोय, डिझाइन पडद्यावर आहे आणि फट्कन सगळं काळं. कंपनीनं थोडे दिवस ऐकून घेतलं आणि मग कळवलं, की महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर ठाण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. म्हणजे बिघाड सापडला तर पोरगा राहणार, नाही सापडला तर जाणार. आत्मारामभाऊंचा जीव टांगणीला लागला. पण खरं सांगायचं तर आतून त्यांना मजाही येत होती. इतका लबाड बिघाड त्यांनी आजवर बघितला नव्हता.

"बोला," रविवारी त्यांनी सगळ्यांचे मोबाईल पालथे करायला लावले. "दाजी, तू आधी."

"ही करणी शेजारच्या पंपाची," दाजी म्हणाला. "केरूनं पंप चालू केलान की तुमच्या घरातला व्होल्टेज झोपतो. माझ्या टेम्पोचं पण तसंच हाय. हेडलाइट लावले की हॉर्न रडतो."

"हॉर्नची वायर तू स्वतः जोडलीस म्हणून रडतो. संध्या, तू?"

"मला मशीनच्या आतला पॉवर सप्लाय वाटतो, भाऊ. धूळ बसली असेल, तापत असेल."

"नि मी सांगतो, अर्थिंग," आत्मारामभाऊ म्हणाले. "घरात फिरणारी चुकार वीज जमिनीत उतरायला वाट लागते. आपल्याकडे जमीन कुठली? खाली सगळा जांभा. पाऊस गेला की दगड कोरडा ठणठणीत, वीज उतरणार कशी? मग ती मशीनच्या मानगुटीवर बसते."

"आणि रितेश?" संध्यानं विचारलं.

"मी काय सांगणार? तुम्ही तिघं आहात की," रितेश हसून म्हणाला.

"डिझाइनवाला माणूस आणि अंदाज नाही?"

तो पुन्हा हसला आणि सगळ्यांचे रिकामे कप गोळा करून आत घेऊन गेला. संध्या त्याच्या पाठीकडे बघत राहिली, पण तेवढ्यात दाजीनं टायरचा विषय काढला.

पहिली पाळी दाजीच्या अंदाजाची. संध्यानं क्लासमधला यूपीएस आणून भिंतीतला प्लग नि एक्स्टेंशन बोर्ड यांच्या मध्ये लावला. आता केरूचे दहा पंप चालू झाले तरी कॉम्प्युटरला पत्ता लागणार नव्हता. दोन दिवसांनी तो मीटिंगमध्ये बंद पडला. मग संध्याची पाळी. तिनं मशीन खोललं, ब्रशनं लख्ख पुसलं, क्लासमधला पॉवर सप्लाय काढून त्यात बसवला. तरी गुरुवारी पुन्हा बंद.

"भाऊ, तुम्ही सकाळी यावर बसचा गेम खेळता ना?" संध्यानं विचारलं. "तेव्हा कधी पडलाय?"

"छे गो. परवा अख्खी एसटी घाटातून खाली आणली, एकदा पण नाय."

"गेमला तर मशीन जास्त राबतं. मग तेव्हा का नाही पडत?"

"सकाळचा व्होल्टेज चांगला असतो," आत्मारामभाऊंनी तिला तिथेच तोडलं. त्यांच्या अंगात अर्थिंग आलं होतं. एकदा त्यांच्या अंगात काही आलं की ते उतरवायची हिंमत बकुळावहिनींतही नव्हती.

विहिरीजवळ जरा ओल असायची. तिथे जांभ्यात खड्डा मारायचा ठरला. गडी लावायचा सोडून हे साठी उलटलेलं पोर स्वतः पहार घेऊन उभं राहिलं. दाजी मदतीला आला. दोघांनी दोन दिवस तो दगड फोडला. आत तांब्याची पट्टी, भोवती कोळसा नि मीठ, वर पाणी सोडायला पाइप आणि तिथून जाड वायर थेट रितेशच्या खोलीपर्यंत. आत्मारामभाऊंच्या तळहातांना फोड आले. बकुळावहिनी हळद-तेल लावायला बसल्या तर म्हणतात कसे, "नको, पकड निसटते."

रितेश दारात उभा राहून ते हात बघत होता. "बाबा, कशाला एवढं? जाऊ दे ना," तो म्हणाला.

"जाऊ दे कसं? तुला जायला लागेल मग," आत्मारामभाऊ म्हणाले.

आणि काय सांगू, कॉम्प्युटर चालला! आठवडाभर एकदा म्हणून बंद पडला नाही. आत्मारामभाऊ रोज सकाळी अर्थिंगला बादलीभर पाणी घालायचे, तुळशीला घालावं तसं. बाजारात भेटेल त्याला जांभ्याचा नि विजेचा संबंध समजावायचे. दाजीनं तर आपल्या घरीही खड्डा मारायचं जाहीर केलं.

पुढच्या सोमवारी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला.

आत्मारामभाऊंना जेवण गोड लागेना. पण माणूस हात टेकणाऱ्यांतला नव्हता. सगळं बदललं तरी बिघाड तोच, म्हणजे ऐन वेळी काय होतं ते डोळ्यांनी बघायला हवं. दुसऱ्या दिवशी दुपारी रितेशची मीटिंग सुरू झाल्यावर ते व्होल्टेज मोजायचं मीटर घेऊन मागच्या पडवीत गेले. खोलीच्या खिडकीखाली त्याच लाइनवरचा एक प्लग होता. त्यात मीटरच्या सळया घातल्या, उलट्या क्रेटवर बसले आणि आकड्यावर डोळा लावला. दोनशे तीसच्या आसपास आकडा गुमान उभा होता. आत रितेश इंग्रजीत काहीतरी समजावत होता. साहेबाचा आवाज आला. मग रितेश म्हणाला, हॅलो, हॅलो, इथे बहुतेक लाइटचा प्रॉब्लेम...

आकडा हलला नाही. अजिबात नाही. आत्मारामभाऊंनी मान वर करून गजांतून आत बघितलं. कॉम्प्युटर अजून चालू होता. साहेब पडद्यावर दिसत होता. टेबलाखाली रितेशचा उजवा पाय पुढे सरकला, अंगठा एक्स्टेंशन बोर्डाच्या बटणावर गेला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला.

सापडला!

हेच पहिलं मनात आलं त्यांच्या. आयुष्यभराची सवय, बिघाड सापडला की छाती भरून यायची, तशी ती आत्ताही भरून आली. मग बाकीचं डोक्यात शिरलं. रितेश दोन्ही हातांत डोकं धरून टेबलाशी बसला होता. आत्मारामभाऊंनी आवाज न करता सळया काढल्या आणि ते विहिरीकडे गेले.

"सापडलं काय हो?" बकुळावहिनी तिथे कपडे वाळत घालत होत्या.

"बघतोय," ते म्हणाले.

राग आला होता. सणसणीत आला होता. फोड आलेले हात बघून आणखी आला. माझ्या पोरानं मला खड्डा खणू दिला? आठवडाभर मशीन चाललं ते अर्थिंगमुळे नव्हे, तर माझे हात बघून त्याला बटण दाबवलं नाही म्हणून. हे कळल्यावर राग जरा खाली बसला आणि त्याच्या जागी तो जुना किडा वळवळायला लागला. बिघाड कुठे आहे ते कळलं. पण का? जायचंच तर तोंडानं सांगता येतं की. इथे काय कमी आहे त्याला? रंग दिलेली खोली आहे, आईच्या हातचं जेवण आहे, रविवारची बैठक आहे.

रविवारपर्यंत ते कुणाला काही बोलले नाहीत. बैठकीत संध्या म्हणाली, आता मदरबोर्डच बदलायला हवा. दाजी म्हणाला, अर्थिंगमध्ये मीठ कमी पडलंय. आत्मारामभाऊ मात्र आज रितेशकडे बघत होते. वर्षभर तो याच सीटवर बसत होता आणि त्यांनी त्याच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. दाजीनं हॉर्नचा किस्सा सांगितला, तेव्हा रितेश हसला, पण मोठ्यांच्या बोलण्याला लहान हसतात तसा, अदबीनं. स्वतःहून एक विषय काढला नाही. दाजी त्याला "आत्मारामचा झिलगा", म्हणजे आत्मारामचा पोरगा, म्हणाला, तर मान डोलावली. बाकावर पालथा ठेवलेला त्याचा मोबाईल मधूनच थरथरत होता आणि प्रत्येक वेळी त्याची नजर तिकडे जात होती.

संध्या आणि दाजी गेले. रितेश कप उचलायला लागला.

"ठेव ते," आत्मारामभाऊ म्हणाले. "बस जरा. मंगळवारी मी मागच्या पडवीत होतो. खिडकीखाली."

रितेश बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला सांगायला जमेना, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही खोली रंगवलीत. सगळ्यांना सांगितलंत. मी कसं सांगू, की मला जायचंय? म्हटलं, कंपनीनंच बोलावलं तर तुम्हाला तेवढं लागणार नाही."

"पण का? इथे काय वाईट हाय तुला?"

"वाईट काहीच नाही. दिवसभर मी भिंतीकडे तोंड करून बोलतो, नि रविवारी तुमच्या बैठकीत बसतो. ती तुमची बैठक आहे, बाबा. संध्याताई, दाजी तुमची माणसं. माझी तिकडे आहेत. आम्ही पण बसतो रविवारी. बसायचो." त्यानं मोबाईल दाखवला. "ते अजून मला फोटो पाठवतात."

आत्मारामभाऊंच्या तोंडात मारल्यासारखं झालं. सगळ्या सावर्ड्यात ज्याला ही गोष्ट सगळ्यांत आधी कळायला हवी होती असा एकच माणूस होता आणि तो म्हणजे ते स्वतः. रविवारी शेडमध्ये कुणी आलं नाही तर त्यांना सोमवारपर्यंत चैन पडत नसे. बकुळा माहेरी गेली तरी एवढं सुनं वाटत नाही, हे त्यांनी एकदा दाजीला कबूल केलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. पोरगा जाणार म्हणून वाईट वाटलं आणि वर्षभर तो आपल्या डोळ्यांसमोर एकटा बसला होता याचं त्याहून वाईट वाटलं.

"उद्या साहेबाला फोन कर," ते म्हणाले. "सांग, येतो म्हणून. नि ते बटण आता दाबू नको, मशीनचं वाटोळं होईल."

"आईला काय सांगायचं?"

"आईला मी सांगतो. रागवेल, मग डबे भरायला घेईल."

रितेशनं मान खाली घातली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग आत्मारामभाऊंच्यानं राहवेना. त्यांनी मोबाईलकडे बोट दाखवलं.

"फोटो कसले पाठवतात ते?"

"एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल मिळालीय त्यांना, कल्याणच्या भंगारवाल्याकडे. वर्षानुवर्षं पडून होती. इंजिनच फिरत नाही. पिस्टन आत चिकटलाय. आमच्यातला निखिल म्हणतो हातोडीनं ठोकू, मी म्हणतो थांबा, सिलिंडर फुटेल. मी त्यांना एक छोटा ओढणारा जुगाड डिझाइन करून दिलाय, बघा, हा असा. दोन बोल्ट इथे नि इथे..."

तो बोलत सुटला. हात हलवत होता, फोटो मोठे करून दाखवत होता, मध्येच स्वतःशीच हसत होता. वर्षभरात पोरगा एवढं बोलला नव्हता. आत्मारामभाऊंनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, चष्मा लावला आणि त्याच्या बाजूला सरकून बसले.

"पिस्टन सुटायला रॉकेल घालून ठेवलंत काय आत?" त्यांनी विचारलं. "नि किती दिवस?"