रिंग आली की लाइन तुटायची

मित्रांनो, तुमच्या घरात आता इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं येतं, म्हणून मला स्वतःची ओळख करून द्यावी लागते आहे. मी मोडेम. चपटा, राखाडी, तोंडावर लाल दिव्यांची रांग असलेला. संगणकाचं बोलणं टेलिफोनच्या तारेतून पलीकडे पोहोचवायचं आणि पलीकडचं इकडे आणायचं, हे माझं काम. काम सुरू करताना मी कर्कश खरखर करायचो, त्याला लोक हसायचे. हसोत बापडे. माझा राग त्या हसण्यावर नाही. वर्षभर मला विनाकारण बोल लावले गेले, त्यावर आहे.

माझा जन्म तैवानच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी कतारमधल्या दोहाला आलो आणि १९९८ साली इब्राहीमने मला अल मन्सूरा भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. इब्राहीम रत्नागिरीकडचा, इथे एका शिपिंग कंपनीत क्लार्क होता. त्याने मला आणलं ते त्याच्या बायकोसाठी. रुकैया एका भारतीय शाळेत गणित शिकवायची, पण तिचा जीव अडकला होता मुंबईत अर्धवट राहिलेल्या पीएच.डी.मध्ये.

तिचा एक दावा होता. एका विशिष्ट जातीच्या समीकरणांना पूर्ण संख्यांमध्ये एकच उत्तर असतं, असं तिचं म्हणणं. छोट्या संख्यांसाठी तिने ते हाताने तपासलं होतं. मोठ्या संख्यांपुढे मात्र माणूस हात टेकतो. मुंबईहून तिच्या मार्गदर्शक मृणालिनीबाईंनी ई-मेल पाठवला की मोठे आकडे तपासल्याशिवाय प्रबंध देऊ नकोस, परीक्षक परत पाठवतील. विद्यापीठातल्या नोंदणीची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. ती आधीच दोनदा वाढवून मिळालेली होती.

त्या काळी परदेशातल्या काही विद्यापीठांनी गणितींसाठी मोठी सोय केली होती. समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम त्यांनी आपल्या संगणकांवर फुकट ठेवले होते, कोणीही यावं आणि घेऊन जावं. रुकैयाला हवा होता तो प्रोग्रॅमही तिथेच होता. तो दोहाला आणायचा तर मला कित्येक तास सलग लाइनवर राहावं लागणार होतं. मध्येच लाइन तुटली की आधी आलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि लाइन तुटायची. रोज तुटायची. रुकैया शाळेतून येऊन मला सुरू करी, हिबाला, म्हणजे तिच्या लेकीला, मांडीवर घेऊन पडद्यावरची पट्टी हळूहळू भरताना बघत बसे. पट्टी अर्ध्यावर यायची आणि खलास. रात्री प्रयत्न करावा तर सगळं शहर इंटरनेट कंपनीच्या त्याच नंबरवर तुटून पडलेलं, मला नुसता एंगेज टोन ऐकू यायचा. शुक्रवारी सुट्टी, पण शुक्रवारी तर तासभरसुद्धा मी टिकत नसे.

"हा डबडा आहे," इब्राहीम म्हणायचा. "दुकानदाराने मला चुना लावला."

मला दोनदा दुकानात नेलं. दुकानदाराने मला तपासलं आणि सांगितलं की पीस एकदम ओके आहे. तरी घरी आल्यावर इब्राहीमने माझ्या डोक्यावर चापट मारलीच. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. कारण लाइन का तुटते, हे त्या घरात फक्त मलाच ऐकू येत होतं.

आखातात राहणाऱ्यांच्या घरची एक रीत तुम्हाला माहीत नसेल. गावाकडची माणसं पैसे वाचवायला घरून नुसता फोन लावत, एक-दोन रिंग होऊ देत आणि उचलायच्या आत ठेवून देत. म्हणजे आम्ही बरे आहोत, तुला सवड झाली की तू फोन कर. इब्राहीमची आई ताहेरुन्निसा संध्याकाळी अशी रिंग द्यायची. शुक्रवारी नमाजानंतर तर मावश्या, चुलते, शेजारी, सगळेच द्यायचे. मी आलो तेव्हा सुरुवातीला त्यांना फोन एंगेज लागला आणि म्हातारी घाबरून गेली. म्हणून इब्राहीमने कॉल वेटिंग लावून घेतलं. आता लाइन चालू असली तरी पलीकडे रिंग जायची, आणि इकडे तारेत एक टोन वाजायचा. माणूस बोलत असेल तर त्याला तो ऐकू येऊन कळतं. माझं मात्र त्या टोनने बोलणंच तुटायचं. पुन्हा ती रिंग घरात कोणाला ऐकू जायचीच असं नाही, कारण तोवर तिकडे फोन ठेवलेला असे. म्हणजे आईची रिंगही फुकट आणि रुकैयाची मेहनतही फुकट.

ऑक्टोबरमध्ये रुकैयाने वैतागून त्या प्रोग्रॅमच्या वापरकर्त्यांच्या ई-मेल गटावर आपली अडचण लिहिली. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी प्राध्यापकाचं एका ओळीचं उत्तर आलं: तुमच्या लाइनवर कॉल वेटिंग आहे का?

"काही तास बंद ठेवू या," ती इब्राहीमला म्हणाली. "नुसता एक कोड दाबायचा आहे."

"आणि अम्मीचा फोन एंगेज लागला तर? तिचं बीपी वाढतं."

"मग अम्मींना सांगा ना, की शुक्रवारी दुपारी रिंग देऊ नका."

"काय कारण सांगू?"

"माझं काम आहे, हे सांगा."

इब्राहीम हळूच म्हणाला, "तू अजून शिकते आहेस, हे मी घरी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, लग्न झालं तेव्हाच ते सुटलं."

मला रुकैयाचा राग आला. माझ्यावर ओरडायला तिला तोंड होतं आणि नेमकं तिथे ती मूग गिळून बसली. चोरून कोड दाबणं तिला पटत नव्हतं, आणि भांडण काढायचं तिच्या जिवावर येत होतं. ऑक्टोबर तसाच गेला, नोव्हेंबरही गेला. मी पट्टी अर्ध्यावर नेत राहिलो आणि शिव्या खात राहिलो.

डिसेंबर लागल्यावर तिने एका संध्याकाळी स्वतःच रत्नागिरीला फोन लावला.

"अम्मी, मी गणितात पीएच.डी. करते आहे. लग्नापासून करतेच आहे. शुक्रवारी मला लाइन मोकळी हवी."

पलीकडून म्हातारी म्हणाली, "अगो, मग आधी नाय सांगायचं? मी नुसती फोन लागतो का बघायला रिंग देतंय. नाय देणार. बाकीच्यांनाही सांगतंय, सुनेची परीक्षा हाय म्हणून."

त्या शुक्रवारी गावाहून एकही रिंग आली नाही. मी दुपारी लाइनवर गेलो तो संध्याकाळी पट्टी पूर्ण भरूनच थांबलो. तिने प्रोग्रॅम चालवला, मोठे आकडे दिले. एका समीकरणाला दोन उत्तरं निघाली.

तिचा दावा चुकीचा होता. मृणालिनीबाईंनी लिहिलं, "वाईट वाटून घेऊ नकोस, हे सापडणं महत्त्वाचं आहे. दावा बदलून नव्याने मांड. दोन-तीन महिने लागतील." दोन-तीन महिने कुठून आणणार? डिसेंबरअखेर नोंदणी रद्द झाली. हेच उत्तर सप्टेंबरात मिळालं असतं, तर ती वेळेत पोहोचली असती. त्याची चीड मला आजही येते.

पुढे तिने पुन्हा नोंदणी केली, सगळे सोपस्कार नव्याने पार पाडले आणि चार वर्षांनी पदवी मिळवली. तोवर घरात ब्रॉडबँड आलं आणि माझी रवानगी खोक्यात झाली. ते कुटुंब ओल्ड एअरपोर्ट भागात राहायला गेलं तेव्हा सामान आवरताना हिबाने मला उचललं.

"मम्मा, धिस इज ब्रोकन, राइट? शॅल आय थ्रो इट?"

रुकैयाने मला हातात घेतलं आणि बाहीने माझ्यावरची धूळ पुसली.

"हा कधीच बिघडलेला नव्हता, हिबा," ती म्हणाली. "आम्ही दोघं तोंड उघडत नव्हतो."

मित्रांनो, यंत्र अडलं की त्याच्या डोक्यावर चापट मारण्याआधी थोडा धीर धरा, नीट तपासा. आणि तुम्हाला जे हवं आहे ते घरातल्या माणसांना वेळेवर सांगा. आम्ही यंत्रं फार तर निरोप पोहोचवतो, पण तो आधी कोणीतरी द्यावा लागतो.