चेहऱ्याची नस

कानामागचं कवटीचं हाड कोरण्यात थोरलीचा हात धरणारं त्या हॉस्पिटलात कोणी नव्हतं. ते हाड बाहेरून दगडासारखं आणि आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ. त्या पोकळ्यांमधून चेहरा हलवणारी नस जाते, जेमतेम दोऱ्याएवढी. ड्रिलचं टोक तिला नुसतं चाटून गेलं तरी माणसाचा अर्धा चेहरा लोंबतो, डोळा मिटत नाही, पाणी प्यायला गेलं की ओठांच्या कडेने गळतं. थोरली हाडाच्या बदलत्या रंगावरून आणि ड्रिलच्या आवाजावरून ओळखायची, की नस आता जवळ आली. तिच्या हातून आजवर एकही चेहरा वाकडा झाला नव्हता, आणि हे ती कुणाला सांगत नसली तरी विसरतही नव्हती.

मग तिची बहीण परत आली.

धाकटीही कानाचीच सर्जन. बरीच वर्षं दूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात राहून ती सर्जनला वाट दाखवणाऱ्या यंत्राचं काम शिकली होती. ती येणार म्हणून हॉस्पिटलने ते यंत्र विकत घेतलं. रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन त्यात भरायचा. ड्रिलवर चकाकणारे बारीक गोळे बसवायचे, रुग्णाच्या डोक्यालाही तसेच गोळे असलेली एक चौकट घट्ट लावायची. वरचा कॅमेरा दोन्हींवर नजर ठेवतो आणि ड्रिलचं टोक हाडात नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. नस जवळ आली की यंत्र वाजू लागतं. महिनाभरात नर्सपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'धाकट्या मॅडम' सुरू झालं. त्यामुळे थोरली आपोआपच 'थोरल्या मॅडम' झाली. त्या शब्दाने आपलं वय दहा वर्षांनी वाढलं असं तिला वाटलं.

घरी तर विचारूच नका. आईवडील थोरलीकडेच राहायचे. बाबांच्या गोळ्या, आईचे गुडघे, गळका नळ, सगळं तिच्याच गळ्यात. धाकटीने वरच्या खोलीत बॅगा टाकल्या, आणि जेवणाच्या टेबलावर बाबांची खुर्ची आपोआप तिच्या बाजूला सरकली.

"म्हणजे मोटारीत रस्ता दाखवतात तसं का गं?" बाबांनी विचारलं.

"अगदी तसंच, बाबा. फक्त चूक एका मिलिमीटरच्या आत हवी."

"एक मिलिमीटर!" बाबांनी आईकडे पाहिलं. "ऐकलंस का?"

थोरली भाजी वाढत होती. इतक्या वर्षांत तू ती नस कशी शोधतेस, असं बाबांनी तिला कधी विचारल्याचं आठवत नव्हतं. तिने डाव जरा जोरातच भांड्यात टाकला. आईने तेवढं पाहिलं.

अशात एके दिवशी ट्रंपेटवाला आला. लग्नासमारंभात वाजवणाऱ्या बँडमधला. त्याचा डावा कान पूर्वी थोरलीनेच ऑपरेशन करून साफ केला होता. आता हाड खाणारा तोच रोग आत पुन्हा वाढला होता. थोरलीने दुर्बिणीने कान तपासला, स्कॅन दिव्यासमोर धरला आणि तारीख बघायला लागली. तो खुर्चीत चुळबुळला.

"मॅडम, राग मानू नका. धाकट्या मॅडमकडे ते यंत्र आहे म्हणतात."

"आहे."

"माझं पोट ओठांवर आहे. म्हणून म्हटलं..."

"त्यांच्याकडे नाव लावते," थोरली म्हणाली, आणि हसली. हसताना तिचे गाल दुखले.

धाकटीने स्कॅन पाहिला आणि सरळ तिच्या खोलीत आली. "ताई, पहिल्या ऑपरेशनमुळे आणि रोगामुळे आतल्या सगळ्या खुणा गेल्यात. तू आत जाऊन आलेली आहेस. मदतीला माझ्या समोर उभी राहशील?"

थोरली हो म्हणाली. का म्हणाली, ते तिला पक्कं माहीत होतं. ट्रंपेटवाल्याच्या केसालाही धक्का लागू नये असं तिला मनापासून वाटत होतं. पण त्या यंत्राची सगळ्यांदेखत फजिती व्हावी, आणि तीही आपण समोर असताना, हे त्याहून जास्त वाटत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरमध्ये गर्दी होती. यंत्र बघायला इतर विभागांतलेही दोघे-चौघे आले होते. धाकटीने रुग्णाच्या डोक्यावरच्या ठरलेल्या खुणांना एकेक करून टोकदार सळीने स्पर्श केला, पडद्यावर आकडा पाहिला, समाधान झाल्यावरच ड्रिल हातात घेतलं. तिचा हात चांगला होता. थोरलीला ते दिसलं. वाईट असता तर किती सोपं गेलं असतं.

जुन्या जखमेच्या खाली हाड मऊ, रंग उडालेलं. ड्रिल थोडं आत गेलं आणि यंत्र वाजायला लागलं. धाकटीने ड्रिलच्या पेडलवरून पाय काढला.

"इथे नस नाही," थोरली म्हणाली. "ती अजून बरीच आत असते. हे हाड मी ओळखते."

"पडदा तर इथेच म्हणतोय, ताई."

"मग पडदा चुकतोय. चौकट हललीय तुझी."

थोरलीच्या छातीत काहीतरी उसळलं आणि तिला स्वतःलाच कळलं, की तो आनंद आहे. भूल दिलेला एक माणूस समोर पडलाय, त्याचं हाड उघडं आहे, आणि आपल्याला आनंद होतोय.

धाकटी वाद घालत बसली नाही. तिने सळी मागितली आणि सगळ्या खुणा पुन्हा तपासल्या. चौकट जागची हललेली नव्हती. मग तिने ड्रिल बाजूला ठेवलं आणि बोथट हत्याराने, कणाकणाने, तो मऊ थर खरवडायला घेतला. थोरली दुसऱ्या दुर्बिणीतून पाहत होती. थर सुटला आणि त्याखाली नस दिसली. उघडी, पांढुरकी, वरचं हाड रोगाने पुरतं खाल्लेलं. रोगाने तिला तिच्या जागेवरून बाहेर ढकललं होतं. नसच आहे ना हे पाहायला धाकटीने विजेच्या बारीक सुईने तिला हलकेच स्पर्श केला, तर झोपेतल्या ट्रंपेटवाल्याच्या ओठाचा कोपरा थरथरला.

यंत्र म्हणालं होतं तिथेच. आज ड्रिल थोरलीच्या हातात असतं, तर ते 'अजून बरीच आत' म्हणत सरळ त्या नसेतून गेलं असतं. पुढचं सगळं ऑपरेशन ती मुकाट्याने ड्रिलखालच्या हाडावर पाणी सोडत राहिली.

दुपारी ट्रंपेटवाला शुद्धीवर आल्यावर धाकटीने त्याला दात दाखवायला सांगितले, गाल फुगवायला सांगितले. दोन्ही गाल सारखे फुगले. थोरली दारातून पाहून निघून गेली.

जेवताना बाबांनी विचारायच्या आधीच धाकटीने सुरुवात केली. "आज ताईने मला मधेच थांबवलं. म्हणून मी सगळं पुन्हा तपासलं, आणि मग हळूहळू गेले. नाहीतर घाईत नसेला धक्का लागला असता."

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. तिला हवी होती ती नजर अगदी हीच. "शेवटी अनुभव तो अनुभव," ते म्हणाले.

थोरलीने घास तोंडात घेतला. हे कौतुक धाकटीने आपल्या ताटात वाढलंय, जसं लहान मुलाला वाढतात, हे तिला सहन होईना.

"नाही, बाबा. यंत्र बरोबर होतं. चूक माझी होती."

बाबा धाकटीकडे वळून म्हणाले, "म्हणजे त्याने अगदी नेमकी जागा दाखवली?"

आई खाली मान घालून जेवत राहिली. थोरलीला हसू आलं आणि रडूही. खरं बोलून हे मिळालं.

जेवणं झाल्यावर धाकटी भांडी विसळत होती, थोरली पुसत होती.

"तू खोटं का सांगितलंस?"

"खोटं काय त्यात? तू हटकलंस, मी तपासलं."

"मी कशापायी हटकलं ते तुला ठाऊक आहे."

धाकटीने नळ बंद केला. "ठाऊक आहे. तुझा आवाजच सांगत होता. तेव्हा असा राग आला की हातातलं टाकून द्यावंसं वाटलं." तिने हात पुसले. "पण ताई, तिथे बाकीचे सगळे नुसते पडद्याकडे बघून माना डोलावतात. एखाद्या दिवशी चौकट खरंच हललेली असेल आणि मला कोणी हटकणार नाही. तेव्हा काय करू?"

हातातलं ताट आधीच कोरडं झालं होतं, तरी थोरली ते पुसत राहिली. धाकटी समजूतदार आहे, याचाही तिला त्या क्षणी हेवा वाटला.

पुढच्या आठवड्यात, ऑपरेशनं नसलेल्या एका दुपारी, ती सरावाच्या खोलीत गेली. टेबलावर प्लास्टरची कवटी शिकंज्यात पकडलेली होती, आणि धाकटी दोन शिकाऊ डॉक्टरांना यंत्र दाखवत होती. थोरल्या मॅडमना पाहून ते दोघे उठून उभे राहिले.

"बसा," ती म्हणाली. "मलाही शिकायचंय."

धाकटीने तिला ड्रिल दिलं. ते ओळखीचं असूनही वर बसवलेल्या गोळ्यांमुळे जड लागत होतं. थोरलीची नजर सवयीने हाडाकडे जायची, आणि तिच्या खांद्याआड गोळे लपले की पडद्यावरचं टोक नाहीसं व्हायचं. तीन वेळा तसं झालं. एका शिकाऊ डॉक्टरने ओठ दाबून धरले.

"कॅमेऱ्याला तू दिसत नाहीयेस, ताई," धाकटी म्हणाली. तिने मागून येऊन थोरलीचं मनगट धरलं आणि कोन बदलला.

थोरलीच्या कानशिलांत जाळ झाला. तो हात झटकून टाकावा, ड्रिल टेबलावर आपटावं आणि सरळ आपल्या ओपीडीत जाऊन बसावं, असं तिला वाटलं. शिकाऊ डॉक्टर पाहत होते.

तिने मनगट सैल सोडलं.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली. "सावकाश."