जरा वर उचलून फिरवा

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, आणि तीसुद्धा डुप्लिकेट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म एका जिन्याखालच्या टपरीत झाला. किल्लीवाल्याने अस्सल किल्ली एका चापात धरली, पितळेचा कोरा तुकडा दुसऱ्या चापात धरला आणि यंत्र सुरू केलं. तिच्या अंगावर जिथे खाच, तिथे माझ्या अंगावर घाव! पिवळा भुसा उडाला, कानस फिरली आणि मी तयार झाले. पण माझा तिसरा दाता किंचित जाड राहिला. घरी नेल्यावर माझ्याने कुलूप उघडेना. मालकीण तशीच परत टपरीवर आली. किल्लीवाल्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि तो म्हणाला, "जोर लावू नका, ताई. जरा वर उचलून फिरवा, उघडेल." तसं केलं आणि खरंच उघडलं. तरी व्हायचं ते झालंच. अस्सल किल्ली दारामागच्या खिळ्यावर ऐटीत लटकू लागली आणि माझी रवानगी चपलांच्या कपाटातल्या खणात झाली. तिथे बूटपॉलिशच्या सुकलेल्या डबीशेजारी मी कितीतरी वर्षं पडून होते. कुणी खण उघडला की वाटायचं, आता आपल्याला बोलावणं आलं. ते बोलावणं नेहमी ब्रशला असायचं.

माझी मालकीण बस चालवते. दिवसभर बसमध्ये बसून बसून तिची कंबर धरली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून द्यायच्या ऐवजी सांगितलं, "रोज सकाळी चालत जा." ती चालू लागली. चालता चालता एक दिवस उशीर झाला म्हणून पळाली, आणि पळण्याची तिला गोडी लागली. पण घरात अडचण अशी की मालक बेकरीत कामाला, ते पहाटेच बाहेर पडायचे. सासूबाई कानाचं मशीन काढून झोपायच्या, तेव्हा दारावरची घंटा वाजवून वाजवून बोट दुखलं तरी त्यांना पत्ता नसायचा. त्यामुळे पळायला जाताना किल्ली जवळ लागायची. अस्सल किल्लीच्या जुडग्यात कपाटाची, पेटीची, सायकलची अशी सगळी भावंडं. एवढा गोतावळा हातात घेऊन पळणार कोण? खण उघडला आणि या वेळी ब्रश तिथेच राहिला. बुटाची जुनी नाडी माझ्यात ओवून तिने मला मुठीत घेतलं. मित्रांनो, त्या सकाळी मला जो आनंद झाला, तो शब्दांत सांगता येणार नाही.

मुठीत राहणाऱ्याला माणसाच्या मनातलं सगळं कळतं. मन शांत असलं की मूठ सैल. शंका आली की मूठ आवळायची आणि माझे दाते तिच्या तळव्यात रुतायचे. तिला शंका फार यायच्या. लहानपणी शाळेत ती नेहमी शेवटून पहिली. रखडत जाणाऱ्या आगगाडीवरून भावांनी तिचं नाव 'पॅसेंजर' ठेवलं होतं. वय वाढलं तरी ते नाव काही सुटलं नाही. पाठीमागून कुणी झपझप पुढे गेलं की ती पुटपुटायची, "आली मेली पॅसेंजर, द्या बाजू." आणि मला आणखी घट्ट धरायची. ती घराभोवतीच घिरट्या घालायची, म्हणजे दम लागला की चटकन दार उघडून आत शिरता यावं. मी तिच्या हातात होते ती परत फिरण्यासाठी, हे मला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

अशातच तिच्या डेपोत मॅरेथॉनची जाहिरात लागली. पूर्ण बेचाळीस किलोमीटर! मेकॅनिक हसत म्हणाला, "वहिनी, तुम्ही आपल्या बसनेच या. शेवटच्या स्टॉपवर गाठ पडेल." झालं! तिने रागाच्या भरात नाव नोंदवलं. घरी येईपर्यंत राग उतरला. सासूबाईंना म्हणाली, "आई, कुठून ही दुर्बुद्धी सुचली मला!" सासूबाई म्हणाल्या, "सुचलीय ना? मग आता निस्तर."

मग दर रविवारी लांबची धाव सुरू झाली. घराभोवती घिरट्या घालून भागेना, म्हणून ती कालव्याकाठच्या रस्त्याने जाऊ लागली. तिथे तिचं एक वेगळंच रूप मी पाहिलं. ज्या रस्त्यांवरून ती वर्षानुवर्षं बस नेत होती, ते आता तिला पायांनी कळू लागले. चढ आला की ती "दुसरा गिअर" असं म्हणून पावलं बारीक करायची आणि उतारावर स्वतःशीच गुणगुणायची. पाण्यावर धुकं असायचं, एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसलेले असायचे, ते टोपी उचलायचे. ही हात हलवायची. घाई नाही, घड्याळ नाही, चुकवायचा कुणाचा धक्का नाही. मूठ हळूहळू सैल व्हायची.

एका रविवारी ती इतकी सैल झाली की नाडी बोटातून निसटली आणि मी पुलाजवळच्या गवतात पडले. मी मोठ्याने ओरडले असते, पण किल्लीला तोंड नसतं, नुसते दाते असतात. ती गाणं म्हणत निघून गेली.

दाराशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं. आल्या पावली ती परत पळत सुटली, खाली बघत, मधेच गवत चाचपत, पार पुलापर्यंत आली. मी सापडताच तिने मला ओठांना लावलं. मग आम्ही पळतच पुन्हा घरी आलो. सासूबाई एव्हाना उठून दारात उभ्या होत्या.

"कुठं होतीस गं? चहाचं आधण दोनदा आटलं."

"किल्ली पडली होती, आई. पुलापर्यंत परत गेले."

"म्हणजे जाऊन आलीस, आणि परत जाऊन आलीस?"

मालकीण बोटांवर मोजू लागली. हिशेब जुळताच ती मटकन पायरीवरच बसली. इतकी ती आयुष्यात कधी पळाली नव्हती. "मला तर दमसुद्धा लागला नाही," ती म्हणाली, "लक्षच नव्हतं."

"मग रोज एकेक वस्तू हरवत जा," सासूबाई म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा आधण ठेवायला आत गेल्या.

शर्यतीचा दिवस उजाडला. सगळीकडे चकचकीत बूट, मनगटावर मोठाली घड्याळं, काटक पायांची माणसं. माझ्या मालकिणीने मला असं काही आवळलं की काय सांगू! "हे सगळे अस्सल," ती पुटपुटली, "आणि मी आपली डुप्लिकेट." मित्रांनो, तो शब्द माझाच होता. खणातल्या अंधारात मी तरी दुसरं काय म्हणत होते?

निम्म्या वाटेपर्यंत सगळं बरं चाललं. पण शर्यतीचा रस्ता नेमका आमच्या गल्लीच्या तोंडावरून जात होता, आणि तिथे पोचेपर्यंत तिच्या पायांचे दगड झाले होते. समोर गल्ली, गल्लीत घर, मुठीत मी. ती थांबली. कोपऱ्यावर सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आई, घरी जाते मी. पाय संपले माझे."

"जा की. दाराला कुलूप आहे. किल्ली आहे ना?"

"आहे."

"बघू."

तिने मूठ उघडली. तळव्यावर माझ्या दात्यांची लालभडक नक्षी उठली होती. सासूबाईंनी ती क्षणभर पाहिली, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी मला अलगद उचलून पदराच्या टोकाला बांधलं.

"आता नाहीये," त्या म्हणाल्या. "दार मी उघडते. तू तिकडनं फिरून ये."

"अहो आई, नाही जमायचं मला! मी पॅसेंजर आहे पॅसेंजर!"

"पॅसेंजर उशिरा पोचते. अर्ध्यात घरी जात नाही."

"आई, ऐका ना माझं..."

सासूबाईंनी कानातलं मशीन काढलं आणि मांडीवर ठेवलं. "ऐकू येत नाही मला," त्या म्हणाल्या.

मालकिणीने त्या मशीनकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं. घामाने निथळत, लंगडत, पोट धरून ती हसली, आणि हसता हसताच पळू लागली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. मी जवळ नाही हे ठाऊक असून तिला पळताना मी इतक्या दिवसांत प्रथमच पाहिलं.

पुढची शर्यत मी पाहिली नाही. सासूबाईंनी मला कुलपात घातलं, जरा वर उचललं, फिरवलं आणि दार सताड उघडं टाकलं. दुपारी गल्लीत गलका झाला. मालकांच्या हातात बूट, मेकॅनिकच्या हातात पाण्याची बाटली, आणि मधे अनवाणी, पांढरंफटक तोंड पण डोळ्यांत दिवे लागलेली माझी मालकीण. गळ्यात पदक!

"आली का आमची पॅसेंजर?" सासूबाईंनी विचारलं.

"आली, आई! शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन आली!"

ती उंबरा ओलांडून आत आली. माझी गरजच पडली नाही. किल्लीच्या आयुष्यात याहून मोठा दिवस कोणता असेल, मला ठाऊक नाही.

आता ते पदक आणि मी एकाच खिळ्यावर लटकतो. अस्सल किल्लीला थोडं सरकून घ्यावं लागलं आहे. मला तेलाचा थेंब मिळतो, दर रविवारी कालव्याची हवा मिळते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या खणात माझी बहीण पडली असेल. तिला पुसा, तेल द्या, नक्कल म्हणून फेकू नका. कुलूप उघडलं की किल्ली खरी आणि पळालं की पळणारा खरा. आणि कुणी कधी अडलंच, तुमचा मित्र असो नाहीतर तुम्ही स्वतः, तर जोर लावू नका. जरा वर उचला, मग फिरवा. उघडतं.