दोनशे बारा नंबरची पिशवी

पालिकेत तिला सगळे वजनबाई म्हणत. समोर मॅडम आणि पाठ फिरली की वजनबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि राग धरण्यात अर्थही नव्हता, कारण कामच तसं होतं. प्लास्टिकचा कचरा कमी करणाऱ्या घरांना पाणीपट्टीत सूट देण्याची सरकारी योजना तिच्या गळ्यात पडली होती. प्रत्येक घराला नंबर घातलेली एक कापडी पिशवी दिलेली. घरातलं फेकायचं प्लास्टिक त्यातच टाकायचं. शनिवारी गाडी दारात यायची, पिशवी काट्याला टांगायची आणि आकडा थेट ऑफिसात उमटायचा. तीन महिन्यांत ज्या घराचं वजन सगळ्यात जास्त घटेल, त्याची वर्षभराची पाणीपट्टी माफ, वर साहेबांच्या हस्ते सत्कार. माणसाचा शहाणपणा ग्रॅममध्ये मोजायची सरकारला भारी हौस.

पहिल्याच आठवड्याच्या यादीत तिचा विभाग शहरात तळाला होता, आणि विभागात तळाला होती दोनशे बारा नंबरची पिशवी. हे तिच्या वडिलांचं घर. दादा बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे. त्या रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला गेली तेव्हा चेष्टेत म्हणाली, "दादा, माझ्याच माहेरची पिशवी सगळ्यात जड. ऑफिसात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही."

दादा हसले नाहीत. एक बस दोन मिनिटं उशिरा सुटली तर रात्रभर कूस बदलत राहणारा हा माणूस. त्यांनी फक्त विचारलं, "शनिवारीच मोजतात ना?"

त्यानंतर योजनेने तिला असं काही जुंपलं की तीन महिने माहेरची पायरी चढणं झालं नाही. फोन मात्र रोजचा. दादांना जुना मधुमेह होता आणि तळपायाला एक जखम, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला, "पाय कसा आहे?" आणि उत्तरही ठरलेलं, "अजिबात दुखत नाही."

शेवटची यादी लागली आणि तिला घामच फुटला. पहिला नंबर दोनशे बारा. नऊशे ऐंशी ग्रॅमवरून तीस ग्रॅम. आता लोक म्हणणार, बाईंनी घरच्यांचीच सोय लावली. तिने बाराच्या बारा शनिवारांचे आकडे काढले, काटा तपासून घेतला, गाडीवाल्याची उलटतपासणी केली. कुठे तसूभर फरक नव्हता. मग तिचा ऊर असा भरून आला की तिने ऑफिसभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पिशवीतून नक्की काय कमी झालं, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नाही, आणि तिला शहाणी समजणाऱ्या दुसऱ्या कुणालाही नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास ती, साहेब आणि एक फोटोग्राफर दादांचा जिना चढले. दोन खोल्या, जिथली वस्तू तिथे. खिडक्या सताड उघड्या, आणि फिनेलचा वास इतका की साहेबांनी हळूच रुमाल काढला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसले होते. ते उठले नाहीत. मोठ्या माणसासमोर दादा बसून राहिले, हे तिला खटकलं, आणि ते किती वाळलेत हेही तेव्हाच दिसलं.

गॅलरीत दोरीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या ओळीने वाळत होत्या. "वा, जुन्या कपड्यांचा पुनर्वापर," साहेब म्हणाले. फोटोग्राफरने पट्ट्यांचे चार फोटो काढले.

"आजोबा, तुम्ही हे जमवलं कसं?" साहेबांनी विचारलं. "इतरांनाही सांगता येईल."

दादा याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा चढवला. "आधी मी रोजचं टाकाऊ लिहून काढलं. दुधाच्या पिशव्या बंद केल्या, डबा घेऊन जातो. मग लक्षात आलं, निम्मा भार नर्सबाईंचा. एक दिवसाआड ड्रेसिंगला यायच्या. दर वेळी दोन हातमोजे, औषधाची बाटली, पट्टीची पाकिटं. एकशे साठ ग्रॅम. त्यांना सांगितलं, लेकीने दुसरी सोय केली आहे, येऊ नका."

साहेब मान डोलवत होते. ती मात्र टेबलाकडे सरकली.

"आता बनियनच्या पट्ट्या करतो, धुतो, पुन्हा बांधतो," दादा म्हणाले. "इन्सुलिनची सुईसुद्धा एकच, महिना झाला. गरम पाण्याने धुतली की काम भागतं."

"दादा, पाय दाखवा."

"अगं, पाहुणे आहेत."

ती टेबलाखाली वाकली. फिनेलच्या खालचा दुसरा वास तिथे होता. डाव्या पायात नाडी काढलेला कॅनव्हासचा बूट होता. तिने तो ओढला, तर त्याच्यासोबत पट्टीही निघून आली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काळी ठिक्कर पडली होती, आणि तळव्यात चमचा मावेल एवढा खड्डा होता. तिच्या हातातला बूट गळून पडला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"दुखत नाही गं," दादा तिची समजूत काढत म्हणाले. "खरंच सांगतो."

सत्काराच्या जीपमधूनच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि तिला बाजूला घेतलं. "दुखत नाही, हीच तर वाईट खूण. आतल्या संवेदनेच्या नसा मेल्यात. घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल, आणि तो आजच. उशीर केलात तर माणूस हाती लागणार नाही. त्यांची सही हवी, आणि ते कागदाला हात लावायला तयार नाहीत."

ती आत गेली. आपणच, आपल्या एका चेष्टेने हे केलं, याखेरीज तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दादा टेबलावर पडून परिचारिकेकडे एकटक पाहत होते. परिचारिका एकामागून एक पाकिटं फाडत होती. हातमोजे, नळ्या, सलाईनची बाटली, सुया. पायाशी ठेवलेली बादली भरत आली होती.

"दादा, सही करा. पाया पडते तुमच्या."

दादांनी तिला जवळ बोलावलं. परिचारिकेला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"हे सगळं कुणाच्या नावावर लागतं? आपल्या पिशवीत नाही ना धरत?"

"नाही, दादा. ते दवाखान्याचं."

"नक्की? तुला कुणी काही बोलणार नाही?"

"कुणी नाही बोलणार."

"मग आण तो कागद," दादा म्हणाले, आणि पेनासाठी हात पुढे केला.