इंजिनाला वाहिलेल्या अक्षता

आमच्या ह्यांनी पुण्याहून आणलेली लाल स्पोर्ट्स कार माझ्याच वयाची आहे, फक्त तिचे लाड जास्त होतात. हे म्हणजे दिंद्रुडचे धर्मराज सर, शाळेत गणित शिकवतात. गाडी ट्रकवर बसून आली. म्हशी लिंबाखाली गेल्या आणि ही गोठ्यात शिरली. दोन वर्षं ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघत ती खोलली, जोडली, परत खोलली. टॉर्च मी धरला, पाने मी दिले, ग्रीसचे शर्टही मीच घासले. गाडीला सीट दोनच. एक ह्यांची, दुसरी माझी, असं मी आपलं धरून चालले होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "दसऱ्याचं सीमोल्लंघन ह्याच गाडीतून. शिवेवरच्या आपट्यापर्यंत जायचं. संगं बजरंगला घेतो. सगळ्या गावाला सांगून ठेवलंय."

"आन मी?"

"तू ये की मागून, बायांसंगं."

माझं डोकंच फिरलं. बजरंगभाऊ म्हणजे ह्यांचा ट्रॅक्टरवाला दोस्त. या गाडीसाठी त्यानं काय केलं असेल, तर चहा प्यायला. तोही माझ्या हातचा.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा दरवर्षी मीच करते. पण गाडीपाशी ह्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं. "इंजिनाला हात लावू नको. नाजूक असतं ते." बॉनेट उघडलं. कार्बोरेटर नुकताच धुतला होता, तो देवालाही दिसावा म्हणून एअर फिल्टरचं झाकणसुद्धा काढून ठेवलं. हळद लावली, कुंकू लावलं आणि डोळे मिटून मूठभर अक्षता वाहिल्या. नवरीवरसुद्धा कुणी एवढ्या टाकत नाही. त्यातल्या निम्म्या सरळ कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात गेल्या.

मी बघितलं. सांगायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "बाजूला हो, तुला यातलं कळत न्हाई."

मग मी तोंड मिटलं. कळतच नाही म्हटल्यावर काय सांगणार?

दसऱ्याला दुपारी ह्यांनी किल्ली फिरवली. गाडी धडधडली, काळा धूर सोडला, आचके दिले आणि बंद पडली. परत तेच. बजरंगभाऊ नवा पांढरा शर्ट घालून हजर होताच.

"सर, पेट्रोलमधी पाणी गेलंय बगा."

जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. तेच.

"मंग प्लग असंल."

प्लग काढले, काजळीनं काळे झालेले. घासून बसवले. तेच.

"मंग नजर लागली."

लिंबू उतरवून टाकलं. लिंबू वाया गेलं.

"कार्बोरेटर बघा की," मी म्हटलं.

"तो मी सवता धुतलाय. तिथं दोष निघूच शकत न्हाई."

गणिताचे मास्तर पोरांची उत्तरं तपासतात, स्वतःचं कधीच नाही.

ऊन कललं. लोक शिवेकडे निघाले, आणि जाता जाता प्रत्येक जण गोठ्यात डोकावून जाई. "सर, ट्रॅक्टर आणतो," बजरंगभाऊ उठला. "दोर लावून वढत नेऊ. तेबी सीमोल्लंघनच की." तो गेला आणि हे उलट्या घमेल्यावर बसले. दोन वर्षं राबून गाडी दोराला बांधून मिरवायची, तीही गावासमोर! मला हसू येत होतं आणि ह्यांची कीवही येत होती. पण सीटपेक्षा कीव मोठी नव्हती.

"गाडी मी चालू करून देते. पण दुसरी सीट माझी."

"आन बजरंग?"

"त्यांना ट्रॅक्टर हाय."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी गत. गाढव व्हायला माझी काही हरकत नव्हती.

"बरं. बस तू," हे म्हणाले.

मी ह्यांना झाकण काढायला लावलं. अंबाड्यातला आकडा काढला आणि कार्बोरेटरच्या भोकांत अडकलेले तांदूळ टिपून काढले. कुंकवानं लाल झालेले, पेट्रोल प्यायलेले. ह्यांनी ते ओळखले. कान तांबडे झाले. मी तांदूळ पदराच्या गाठीला बांधले.

गाडी एका झटक्यात चालू झाली. वर छत नाही, तोंडावर वारा. कापसातल्या बाया उभ्या राहून बघत होत्या, मागून बजरंगभाऊचा ट्रॅक्टर दोरासकट येत होता. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

शिवेवर सगळं गाव जमलेलं. हे गाडीतच उभे राहिले आणि सुरू झाले, "दोष सूक्ष्म होता. पण पद्धतशीर अभ्यास केला, की सापडतोच!"

मी पदराची गाठ सोडली, लाल तांदूळ आपट्याच्या पानावर ठेवले आणि पान ह्यांच्या हातात दिलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

भाषण तिथंच थांबलं. बजरंगभाऊनं वाकून बघितलं. "ह्ये तांदूळ व्हते व्हय आत? टाकले कुणी?"

सगळ्यांनी कान टवकारले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला राहवेना.

"उंदरानं," मी म्हटलं.

"कुंकू लावून?"

"लई देवभोळा हाय आमचा उंदीर."

लोक हसत हसत सोनं लुटायला पांगले. उंदीर खाली बसला, गाडी चालू केली आणि हळूच म्हणाला, "मंजुषा, माजलगावच्या धरणावर जाऊन यायचं का?"