पोतनीसांचे काचेचे कपाट

“मला कार्डच बदलायचंय,” मंदाकिनीबाईंनी तिसऱ्यांदा सांगितले. “अभिजित म्हणाला, ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. मोठं घाल, मग गेम अडकणार नाही.”

“अभिजित कोण?”

“माझा भाचा. अलकापुरीत बँकेत आहे.”

“मग त्याला म्हणावं, तू बँक सांभाळ,” श्रीकृष्ण पोतनीस म्हणाले आणि रिक्षातून आलेला तो कॉम्प्युटर त्यांनी टेबलावर आडवा केला.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानात गेली बावीस वर्षे हेच चालले होते. गिऱ्हाईक यायचे ते कोणाचे तरी उसने शहाणपण घेऊन. कोणाला मोठे कार्ड हवे, कोणाला दुप्पट मेमरी. कोणाला पेटीत रंगीबेरंगी दिवे हवे असायचे. दिव्यांचे तर पोतनीसांना इतके वावडे, की एका गिऱ्हाइकाला त्यांनी ‘मंडपवाल्याकडे जा’ म्हणून जिन्यावरूनच परत पाठवले होते. दुखतेय कुठे हे न बघता औषध मागायला येतात, मूर्ख लेकाचे! पोतनीस आधी मोजायचे, मग बोलायचे. आणि ते जे बोलायचे ते ऐकून घ्यायला माणसाची कातडी जाड लागायची.

मंदाकिनीबाईंची जाड होती. पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता रोज दुपारी जेवण झाले की कॉम्प्युटरवर युरोपभर मालट्रक चालवायच्या. ‘इतकी वर्षं नकाशावर नुसती छडी फिरवली, आता रस्त्यानं जाते,’ असे त्या म्हणत. पोतनीसांना हा सगळाच प्रकार पोरकट वाटे. पण यंत्र त्यांच्या हातचे होते, म्हणून ते बाईंना सहन करत.

“कधीपासून अडकतोय?”

“दिवाळीपासून. तुम्ही तो नवीन कूलर बसवला ने, तेव्हापासून. ट्रक पुलावर चढला की धक्के खात चालतो.”

“कूलरचा काय संबंध? कूलर प्रोसेसरला थंड ठेवतो, ट्रकला नाही. गेममध्ये काहीतरी नवीन आलं असेल. लोकांना ना, उगाच तारखा जुळवायची खोड असते.”

“मी आपलं जे झालं ते सांगितलं.”

“सांगू नका. चालवून दाखवा.”

त्यांनी कॉम्प्युटर जोडला, बाईंच्या पुढ्यात कीबोर्ड सरकवला आणि शेजारच्या पडद्यावर आकडे लावले. ते वाचायला त्यांना नाक पडद्याला टेकवावे लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नीराने, त्यांच्या मुलीने, ऑपरेशनसाठी दोनदा वेळ घेतली होती आणि दोन्ही वेळा ‘डॉक्टरांना दुकान चालवायचं असतं’ असे म्हणून पोतनीस गेले नव्हते. आपल्याला हातांनीही दिसते, असा त्यांचा दावा होता.

बाईंचा ट्रक पुलावर चढला आणि धक्के खाऊ लागला.

“बघा!” पोतनीसांना मनापासून आनंद झाला. “तुमचं कार्ड चाळीस टक्केच काम करतंय. निवांत बसलंय. का? प्रोसेसर त्याला काम देतच नाही. आणि प्रोसेसर का देत नाही? शंभर अंश तापलाय. जळू नये म्हणून बिचारा निम्म्या वेगानं चाललाय. नवं कार्ड घातलं असतं तर तेही असंच पाय पसरून बसलं असतं. सांगा तुमच्या बँकवाल्याला.”

“मग प्रोसेसर नवीन घालायचा?”

“कशाला? उचलली जीभ! हा एवढा तापतो कशानं, ते आधी बघू.”

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, थोडा निवू दिला आणि कूलरचे स्क्रू सोडवायला घेतले. तोवर बाई उठून भिंतीजवळच्या कपाटापाशी गेल्या.

हे कपाट म्हणजे पोतनीसांचा अभिमान. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, वडिलांनी संग्रहालयात वस्तूंना चिठ्ठ्या लावण्यात जन्म घालवला. घराण्याच्या वाट्याला शेवटी उरले ते हे काचेचे कपाट आणि चिठ्ठ्या लिहिण्याची सवय. पोतनीसांनी त्यात मांडल्या होत्या इतर कारागिरांच्या घोडचुका. प्रत्येक वस्तूखाली गाव, साल, चूक, कारागिराचे नाव आणि शेरा. पाच ओळींची चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात. बाजारातले लोक या कपाटाला घाबरत, आणि ते घाबरतात हे पोतनीसांना फार आवडे.

बाईंनी साल गाळून, वर्गात वाचावे तसे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “करजण. मॉनिटरची वायर कार्डात न लावता बोर्डात लावली. कार्ड वर्षभर बिनकामाचं. कारागीर, संपतराव. शेरा, अक्कलही बोर्डातच लावली असावी.” त्या हसल्या. “छाणी. पंखा उलटा बसवला. कारागीर, गणपतराव. शेरा, डोळे घरी ठेवून आला होता. बाप रे, पोतनीसभाऊ! नावासकट?”

“नावासकट. त्याशिवाय लाज कशी वाटणार?”

“आणि तुमची एकही नाही?”

“सापडली तर लावू की,” पोतनीस म्हणाले आणि त्यांनी कूलर उपसून काढला.

प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट त्यांनी फडक्याने पुसली. मग कूलरचे बूड पुसू लागले. तांब्याचा गुळगुळीत पत्रा लागायला हवा होता. नखाला कड लागली. त्यांनी ती ओढली, तसा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा सळसळत सुटून आला. नवीन कूलरच्या बुडाला तो कारखान्यातूनच चिकटवलेला असतो, बसवण्यापूर्वी काढायचा असतो. तसे त्याच्यावर लाल अक्षरांत छापलेलेही असते. प्लॅस्टिकमधून उष्णता जाणार कशी? दिवाळीपासून ते यंत्र श्वास कोंडून चालले होते, आणि श्वास कोंडणारा हात पोतनीसांचा होता.

“काय निघालं?” बाईंनी कपाटापासूनच विचारले.

“काही नाही. पेस्ट सुकली होती.”

पापुद्रा त्यांनी मुठीत दाबला. हे आपण बोललो याचे त्यांना नवल वाटले. नवी पेस्ट लावून, कूलर बसवून, त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. तापमान पासष्ट. कार्ड अठ्ठ्याण्णव टक्के. बाईंचा ट्रक पुलावरून सुळकन गेला.

“एकदम सरस!” बाईंना लहान मुलीसारखा आनंद झाला. “काहीच नवीन न घालता! पोतनीसभाऊ, बडोद्यात तुमच्यासारखा माणूस नाही. अभिजितला घेऊन येते इथं. हे कपाट दाखवते त्याला. म्हणते, शीक काहीतरी.”

पोतनीस खाली बघत होते. छाणीचा गणपतराव ती चिठ्ठी बघायला एकदा स्वतः आला होता. ‘लाइट गेली होती हो त्या दिवशी,’ एवढेच पुटपुटला होता. पोतनीस त्याला चार लोकांदेखत हसले होते. निदान तो खोटे तरी बोलला नव्हता. आयुष्यभर ज्याला त्याला मूर्ख म्हटले, पण इतका खालचा माणूस आपल्या दुकानात आजवर आला नव्हता, असे त्यांना वाटले. स्वतःची अशी किळस त्यांना पहिल्यांदाच आली.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचं अक्षर चांगलं असेल ने?”

“फळ्यावरचं तर होतं.”

त्यांनी खणातून कोरी चिठ्ठी आणि पेन काढून पुढे केले. “लिहा. दांडिया बाजार.”

बाईंनी लिहिले.

“गेली दिवाळी. कूलरखालचं प्लॅस्टिक न काढता बसवला.”

मूठ उघडून त्यांनी तो चुरगळलेला पापुद्रा टेबलावर ठेवला. बाईंनी पापुद्र्याकडे पाहिले, मग कॉम्प्युटरकडे.

“कारागीर, श्रीकृष्ण पोतनीस. शेरा, डोळे घरी ठेवून आला होता.”

पेन थांबले. “शेरा राहू दे ने, भाऊ.”

“सगळ्यांना आहे. आणि अभिजितला आणा नक्की.”

बाईंनी चिठ्ठी पालथी घातली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा सगळे लिहून काढले, शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत. पाच ओळींनी चिठ्ठी काठोकाठ भरली.

पोतनीसांनी ती हात लांब करून धरली. कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी एका दमात वाचता आले. मग ते कपाटाची किल्ली चाचपू लागले.