दहापैकी दहा

"साक्षीदार स्वतः हजर पाहिजे," दारावरचा कारकून म्हणाला. "त्यांचा बिल्ला तयार आहे."

"तो नाही येऊ शकत," टेलरबाई म्हणाल्या. "मी त्याची आई."

"का? बाहेरगावी आहेत?"

"जाऊन अकरा वर्षं झाली."

कारकुनाने यादी उलटसुलट बघितली. चौकशी आयोगाच्या यादीत तसा रकानाच नव्हता. त्याने मुलाचा बिल्ला आईच्या गळ्यात अडकवला. "राहू द्या. जेवणाचं कुपन यावरच मिळतं."

"बघा," जाऊबाई कानाशी पुटपुटल्या, "मेल्यावर जेवणाची सोय. जिवंतपणी औषध धड देता आलं नाही मेल्यांना!"

मुलाला लागलं, की रक्त थांबायचं नाही. लोकांच्या रक्तापासून केलेलं औषध बाटलीतून यायचं, ते टोचावं लागे. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "ताई, तुमचा हात सुईचाच. घरीच देत जा. फक्त बाटलीचं लेबल वहीत चिकटवा." बाईंनी एकूण एक चिकटवलं. पुढे कळलं, ज्या रोगाने तो गेला, तो कुठल्या तरी बाटलीतूनच आला होता. कुठल्या, ते कोणी सांगेना. तेव्हापासून बाई स्वतःच्या उजव्या हाताकडे संशयाने बघायच्या. बाटली कुठली, आज तेवढंच विचारायला आल्या होत्या.

न्यायमूर्तींचा माईक ते खोकले तरच चालायचा. त्यामुळे खोकला सगळ्यांना ऐकू गेला, प्रश्न कोणालाच नाही.

"दवाखान्याचं रजिस्टर उंदरांनी खाल्लं," मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले. उंदीर मोठे चोखंदळ. आधीची वर्षं शाबूत, नंतरची शाबूत, मधलं एकच फस्त.

मग आयोगाच्या वकीलबाईंनी औषध कंपनीचं दवाखान्याला आलेलं पत्र वाचलं. या क्रमांकाच्या बाटल्या वापरू नका, बाजूला काढा, परत पाठवा. तारीख मार्चची. पोच म्हणून खाली डॉक्टरांची सही. बाईंच्या वहीत तोच क्रमांक होता. तारीख त्याच वर्षीची, नऊ ऑगस्ट.

"आठवत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाईंना लख्ख आठवलं. त्या दिवशी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून डॉक्टरांनी स्वतः बाटली काढली होती. "घ्या ताई, तुमच्यासाठी बाजूला ठेवली होती." त्या आनंदात बाईंनी त्यांना शर्ट शिवून दिला. कॉलर सोळा, बाही चोवीस. मापं अजून पाठ होती.

न्यायमूर्तींनी वही जवळ ओढली. माईक पहिल्यांदाच न खोकता चालला.

"या लेबलापुढे दहा लिहिलंय. डोस का?"

"मार्क आहेत, साहेब. माझे. सुई टोचली की तो द्यायचा. दुखलं तर कापायचा. कधी चार, कधी सहा. एकदा तर भोपळा दिला होता." बाई थांबल्या. "पैकीच्या पैकी त्याच दिवशी मिळाले. म्हणाला, आई, आज कळलंसुद्धा नाही."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

"दहा अंकी लिहू की अक्षरी?" टंकलेखकाने विचारलं.

"दोन्ही लिहा," बाई म्हणाल्या, आणि गळ्यात उलटा झालेला बिल्ला त्यांनी सुलटा केला.